रोजकीर्द, रुमाल आणि सर्व्हर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर पाहिलेल्या लोकांनी घरातले सामान त्या वेळच्या खुणेच्या वर उचलून ठेवले होते; पाणी त्या खुणेच्याही वर चढले. सांगली जिल्हा नगर वाचनालय ही १८६९ सालची संस्था. तिचे ते दीडशेवे वर्ष होते आणि तिची हजारो पुस्तके त्या पाण्यात गेली. भिजलेले जुने पुस्तक ज्याने हातात घेतले आहे त्याला ते वजन विसरता येत नाही. पाने एकमेकांना चिकटतात, शाई पसरते, आणि दोन दिवसांत बुरशी धरते.

त्या दिवसांत सांगली-मिरजेत पुस्तकांशी संबंध असलेला जो कोणी भेटे तो एकच वाक्य बोले, "हे सगळे स्कॅन करून संगणकावर टाकायला हवे होते." मीही ते बोललो आहे. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. 'संगणकावर टाकले' म्हणजे नेमके कुठे टाकले, ते तिथे कोणाच्या जिवावर राहते, आणि ते यंत्र एका सकाळी गप्प झाले तर त्याला उठवायचे कोणी, हा त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग. तलाठी कार्यालयापासून रेशन दुकानापर्यंत 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आता मराठीच झाले आहे. पाऊस आला म्हणावे तितक्या सहजपणे आपण ते म्हणतो आणि घरी परततो. पण सर्व्हर हा पाऊस नव्हे. त्याला माणसाने बनवले आहे, माणूसच तो चालू-बंद करतो, आणि त्यालाही इतिहास आहे. इतिहासाच्या साधनांत रमणाऱ्या माणसाने या नव्या साधनाचाही इतिहास पाहावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

दप्तर सांभाळणारे जिल्हे

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दप्तरांचे जिल्हे आहेत. साताऱ्यास छत्रपतींची गादी, सांगली-मिरजेस पटवर्धन. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी कागद, चित्रे, नकाशे जमवले, 'इतिहाससंग्रह' मासिक चालवले. त्यांचा संग्रह पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. आणि विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा १८९८ सालचा पहिला खंड उभा राहिला तो वाईत सापडलेल्या कागदांवर.

या मंडळींच्या कामाकडे आपण संशोधन म्हणून पाहतो. पण त्यांच्या आधी शंभर-दीडशे वर्षे कोणीतरी ते कागद नुसते सांभाळले होते, म्हणून ते त्यांच्या हाती लागले. दप्तराची एक पद्धत होती. कागद पुडक्यात, पुडकी रुमालात बांधलेली, रुमालावर ओळख. रोजचा जमाखर्च व हुकूम रोजकीर्दीत चढलेले, म्हणजे कोणत्या दिवशी काय घडले ते त्या दिवसाच्या पानावर सापडावे. कागद वाचता येणे ही एक विद्या आणि कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे ठाऊक असणे ही दुसरी. दुसरी विद्या दप्तरदाराची. तिचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येत नाही.

आज आपल्या भागातील एखाद्या विषयावर कोणी काम केले आहे का, हे पाहायचे तर मी प्रथम 'शोधगंगा' उघडतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. कोल्हापूर, सांगली, सातारा हे त्याचे तीन जिल्हे. या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या कित्येक प्राध्यापकांचे प्रबंध पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका प्रतीत असत. तिथे जाऊन, ओळख काढून, वही घेऊन बसावे लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले, आणि गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' या केंद्राने त्या प्रती 'शोधगंगे'त सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. पदवी नसलेल्या, कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नसलेल्या माझ्यासारख्या माणसाला रात्री अकरा वाजता घरी बसून प्रबंध वाचता येतो, याचे मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

ही शोधगंगा ज्या प्रणालीवर उभी आहे तिचे नाव 'डीस्पेस'. अमेरिकेतील एमआयटीची ग्रंथालये आणि ह्युलेट-पॅकार्ड कंपनी यांनी मिळून ती २००२ मध्ये मुक्त केली. ती जावा भाषेत लिहिलेली आहे, बहुधा लिनक्सवर चालवतात, आणि तिच्या व वाचकाच्या मध्ये उभा असतो 'टॉमकॅट' नावाचा जावा वेब सर्व्हर. जगभरची विद्यापीठे आणि आपल्याकडची लहानमोठी ग्रंथालयेही हेच वापरतात, कारण त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत. आपल्या काळातील रुमाल बांधण्याची ही पद्धत आहे.

बोक्याची जन्मकथा

टॉमकॅटकडे जाण्याआधी त्याच्या थोरल्यांची ओळख करून घेऊ.

१९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवायला घेतली. तेव्हा संगणकाला पडदा असेलच असे नव्हते; टेलिटाइप यंत्रावर आज्ञा टंकायची, उत्तर कागदावर उमटायचे. आज्ञा आखूड असण्याचे एक कारण तेच. ते यंत्र संथ होते आणि कळा जड होत्या. आजही लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आपण जी दोन-तीन अक्षरी आज्ञा देतो ती त्या टेलिटाइपची आठवण आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस तोरवाल्ड्स याने युनिक्ससारखी प्रणाली स्वतः लिहून सर्वांना खुली केली. रिचर्ड स्टॉलमनच्या १९८३ पासून चाललेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतील साधने तिला जोडली गेली आणि लिनक्स उभे राहिले.

१९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात तातू यलोनेन याने आणखी एक गोष्ट केली. तोवर दूरच्या यंत्रावर शिरायचे तर आपला परवलीचा शब्द तारेवरून उघडा जाई. विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असे शब्द चोरल्यावर यलोनेनने 'एसएसएच' लिहिले. यात दोन यंत्रांमधील बोलणे कुलूपबंद होते. कऱ्हाडला बसून गांधीनगरच्या किंवा शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरला सारख्याच विश्वासाने आज्ञा देता येते ती यामुळे.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग व सहकाऱ्यांनी १९९१ पासून घडवली व १९९५ मध्ये जगापुढे आणली. ती ज्या काळात आली तेव्हा वेब सर्व्हरची रीत अशी होती, की वाचकाने काही मागितले की त्याच्यासाठी एक नवा कार्यक्रम सुरू व्हायचा, काम करायचा आणि संपायचा. म्हणजे दारात आलेल्या प्रत्येक माणसासाठी नवा कारकून नेमायचा, त्याला काम समजावायचे आणि काम झाले की काढून टाकायचा. माणसे वाढली की ही रीत कोलमडते. जावावाल्यांनी दुसरी रीत काढली. एकच फड कायमचा बसलेला; त्यात अनेक हात; येणाऱ्याला त्यातला एखादा मोकळा हात मिळतो. या व्यवस्थेला 'सर्व्हलेट' म्हणतात. वेग वाढला, पण त्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. कायम बसलेला फड कोणीतरी बसवावा लागतो, थकला तर उठवून पुन्हा बसवावा लागतो, आणि त्याला किती जागा द्यायची हे आधी ठरवावे लागते. 'सर्व्हर रीस्टार्ट करा' या आजच्या मंत्राचे मूळ बऱ्याच अंशी या रचनेत आहे.

सनमधल्याच जेम्स डंकन डेव्हिडसन याने या सर्व्हलेटांचा नमुना-सर्व्हर लिहिला. १९९९ मध्ये तो अपाची या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेला देण्यात आला. त्याला एखाद्या प्राण्याचे नाव हवे होते. स्वतःचे स्वतः भागवणारा प्राणी म्हणून त्याने 'टॉमकॅट' म्हणजे बोका निवडला. नाव छान आहे, पण खरे नाही. हा बोका स्वतःचे सगळे भागवत नाही. त्याला दूध घालणारे कोणीतरी लागते.

एका कपाटातली गोष्ट

सातारा आणि सांगलीच्या शिवेवर, नाव सांगण्याचे कारण नाही अशा एका गावात, एक जुनी संस्था आहे. तिच्याकडे मासिकांचे जुने अंक, गावच्या व्यवहारांचे काही मोडी कागद, सत्कारांच्या स्मरणिका असा ऐवज आहे. महापुरानंतरच्या त्या हळहळीत संस्थेने देणगी जमवून हे सगळे स्कॅन केले. गावातल्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एका जुन्या संगणकावर लिनक्स घातले, टॉमकॅट आणि डीस्पेस बसवले. मुलगा हुशार होता. आमच्या भागात अशा मुलांची वाण नाही. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात तर लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतःचा गट आहे. शिक्षण संपले, नोकरी लागली, मुलगा पुण्यास गेला. आपल्याकडची ही नेहमीची गोष्ट आहे आणि तिच्यात कोणाचा दोष नाही.

पुढे एका मार्चमध्ये मी तिथे एक अंक पाहायला गेलो तर संग्रह उघडत नव्हता. तीन आठवडे झाले, असे लिपिकबाई म्हणाल्या. कार्यकारिणीत 'सगळे गेले' अशी बोलवा होती आणि नवीन यंत्र घेण्याचा ठराव व्हायचा होता. संगणक एका लोखंडी कपाटात होता. चालू होता, दिवा जळत होता. त्यावर एक कागद चिकटवला होता, 'बंद करू नये'. त्या यंत्राविषयी संस्थेकडे असलेले एकूण लेखी ज्ञान एवढेच.

मला लिनक्स येते ते पोटापुरते. मोडी लिप्यंतरे टंकता टंकता, पुस्तके वाचून, चुका करत शिकलो. मी पुण्याच्या त्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, घाबरू नका. कशालाही हात लावण्याआधी डिस्क किती भरली आहे ते बघा." डीएफ ही दोन अक्षरांची आज्ञा दिली. उत्तर आले, शंभर टक्के.

डिस्क कशाने भरली? टॉमकॅट आपली रोजकीर्द ठेवतो. ती 'लॉग्ज' नावाच्या कप्प्यात 'कॅटलिना डॉट आउट' या फायलीत उतरते. कोण आले, काय मागितले, कुठे अडले, सगळे तिच्यात येऊ शकते. दप्तरातली रोजकीर्द दिवस संपला की पान उलटते. ही फाईल स्वतःहून पान उलटत नाही. कोणी व्यवस्था लावली नाही तर एकच पान वर्षानुवर्षे वाढत राहते. इथे तेच झाले. जागा संपल्यावर ज्यात ग्रंथसूची होती ती पोस्टग्रेस ही माहितीसाठ्याची प्रणाली थांबली. टॉमकॅट मात्र चालूच होता. प्रत्येक मागणीला 'सूची सापडत नाही' अशी तक्रार लिहीत होता, आणि त्या तक्रारींसाठीही जागा उरली नव्हती.

गंमत पुढे आहे. आदल्याच आठवड्यात त्या मुलाच्या एका मित्राने येऊन ती वाढलेली फाईल पुसून टाकली होती. तरी जागा मोकळी झाली नव्हती, म्हणून त्याने हात टेकले. हे कसे? युनिक्समध्ये फाईलचे नाव आणि फाईलचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुसताना नाव जाते. मजकूर मात्र, ती फाईल उघडून बसलेला शेवटचा कार्यक्रम उठेपर्यंत, डिस्कवर तसाच राहतो. टॉमकॅट ती फाईल धरून बसला होता. यादीत नाव नाही आणि खोलीत जागा नाही, अशी अवस्था. अर्धशतकापूर्वीच्या एका रचनेतला हा बारकावा शिवेवरच्या एका गावातल्या कपाटात तीन आठवडे अडून बसला होता.

टॉमकॅटला आधी रीतसर थांबायला सांगितले. त्यासाठी 'शटडाऊन' नावाची एक छोटी आज्ञापत्रिका असते. ती ८००५ क्रमांकाच्या आतल्या दाराशी जाऊन 'शटडाऊन' हा शब्द उच्चारते. त्याने ऐकले नाही. मग 'पीएस' आज्ञेने चालू कार्यक्रमांची यादी काढून जावाचा क्रमांक शोधला आणि 'किल' दिली. या आज्ञेचे नाव भयंकर आहे, पण नुसती दिली तर ती पंधरा क्रमांकाचा संकेत पाठवते. त्याचा अर्थ, हातातले आवरा आणि उठा. नऊ क्रमांकाचा संकेत मात्र मान पकडून बाहेर काढतो. हातातले लिखाण अर्धे राहिले तरी त्याला पर्वा नाही. पहिल्याच झटक्यात नऊ देणारे लोक मी पाहिले आहेत. "काका, नऊ नको, थांबा एक मिनिट," असे फोनवर तो म्हणाला. आम्ही थांबलो. मिनिटाच्या आत बोका उठला. डीएफ पुन्हा दिली तर निम्मी डिस्क मोकळी.

मग क्रम महत्त्वाचा. आधी पोस्टग्रेस, मग टॉमकॅट. सूची उघडली नसताना ग्रंथालयाचे दार उघडून उपयोग नाही. 'टेल' ही आज्ञा देऊन रोजकीर्दीच्या शेवटच्या ओळी पडद्यावर सरकताना पाहत बसलो. सर्व्हर सुरू झाल्याची ओळ उमटली. लिपिकबाईंनी शेजारच्या संगणकावर ८०८० चे दार उघडले आणि संस्थेचे मुखपृष्ठ आले. 'सगळे गेले' नव्हते. काहीच गेले नव्हते.

अक्षरांचा चिवडा

आनंदात मी शोधाच्या चौकटीत 'तासगाव' टंकले. उत्तर शून्य. वर पाहिले तर 'तासगाव'च्या जागी टोपीवाल्या युरोपीय अक्षरांचा चिवडा. बाई म्हणाल्या, "मराठीत कधी सापडतच नाही. आम्ही यादी खाली सरकवत शोधतो."

म्हणजे पहिल्या दिवसापासून मराठी संग्रहात मराठी शोध चालत नव्हता, आणि तो सर्वांनी नशीब म्हणून स्वीकारला होता. याची कहाणी जरा मागे नेली पाहिजे. भारतीय लिप्यांसाठी संगणकावर एक प्रमाण संकेत असावा हे काम आपल्याकडे १९८० च्या दशकात झाले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे तंत्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि 'इस्की' हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. जगातल्या सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून. जावाने जन्मापासून युनिकोड हाच आपला अक्षरसंकेत मानला. या दृष्टीने जावा ही मराठीला सुरुवातीपासून पानात वाढणारी भाषा. त्याच काळात आपण मात्र छपाईसाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे टंक वापरत होतो. त्यात दिसायला 'क' असे, पण आत इंग्रजी अक्षराचा क्रमांक असे. त्या टंकांत केलेले प्रबंध आज उघडले तर वाचता येतात, पण त्यातला शब्द शोधता येत नाही.

असे असून टॉमकॅटमध्ये गोंधळ का? कारण जावाच्या आत युनिकोड असले तरी पत्त्याच्या ओळीतून आलेली अक्षरे पश्चिम युरोपीय आहेत असे टॉमकॅटच्या जुन्या आवृत्त्या गृहीत धरत. आठव्या आवृत्तीपासून हे गृहीतक बदलले. या यंत्रावर सातवी होती. उपाय एका ओळीचा. 'सर्व्हर डॉट एक्सएमएल' या फाईलमध्ये दाराच्या वर्णनात 'यूटीएफ-८' एवढी सूचना घालायची, आणि बोक्याला उठवून पुन्हा बसवायचे. आम्ही ती घातली. 'तासगाव' टंकले, आणि जुन्या अंकांची एक रांग उलगडली. बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या गावाचे नाव टंकले.

नाव हरवलेले कागद

निघताना मी विचारले, बॅकअप आहे का? बाईंनी अभिमानाने कुलपातून एक बाहेरची डिस्क काढली. दर महिन्याला त्या तिच्यावर नक्कल करत. मी ती उघडली. त्यात हजारो फायली होत्या. एकीलाही नाव नव्हते; अडतीस-अडतीस आकडे, बस्स.

डीस्पेसची रचनाच अशी आहे. ग्रंथ एका जागी ठेवायचा, त्याला नुसता क्रमांक द्यायचा. त्याचे शीर्षक, लेखक, वर्ष, विषय हे सगळे पोस्टग्रेसच्या सूचीत. दोन्ही जवळ असतील तोवर उत्तम. बाई प्रामाणिकपणे दर महिन्याला फक्त ग्रंथांची नक्कल करत होत्या, सूचीची नव्हे. त्या तीन आठवड्यांत ते जुने यंत्र खरोखरच जळाले असते, तर संस्थेकडे एकही पान न हरवता सगळा संग्रह हरवला असता. एकेक फाईल उघडून, वाचून, ओळखून, पुन्हा नाव द्यावे लागले असते.

हे वाक्य लिहिताना मला खरेशास्त्री आठवतात. त्यांनी काय केले? दप्तरातल्या पत्रांना क्रम दिला, तारखा लावल्या, कोणी कोणास लिहिले ते ठरवले. ओळख नसलेला कागद इतिहासाच्या दृष्टीने जवळजवळ कोरा असतो. रुमाल सुटून कागद एकमेकांत मिसळले की ते फाटलेले नसतात, पण गेलेले असतात. पुराच्या पाण्यात पुस्तक जाते ते सर्वांना दिसते. सूची हरवते तेव्हा कोणालाच काही दिसत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सूचीची नक्कल काढण्याची आज्ञा शोधून काढली आणि ती रोज रात्री आपोआप चालेल अशी लावली. रोजकीर्दीचे पान आठवड्याला उलटेल अशीही व्यवस्था केली.

वारणेचा धडा

आमच्या भागात यंत्र आणणे आणि यंत्र चालते ठेवणे यांतले अंतर एकदा मोठ्या प्रमाणावर दिसले आहे. १९९८ मध्ये पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगाव संगणक केंद्रे आली. शेतकऱ्याने तिथे उसाची नोंद पाहावी, वजन पाहावे, पैशांचा हिशेब पाहावा, शिवाय जगाची माहिती मिळवावी, अशी कल्पना होती. देशभर त्याचे कौतुक झाले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी पाहिले तेव्हा केंद्रांचा वापर मुख्यतः उसाच्या आणि खताच्या हिशेबापुरता उरला होता, आणि संगणक सांभाळणे कारखान्याला जड जात होते. त्यांनी सात गावांत संगणक काढून तीच माहिती साध्या मोबाइलच्या लघुसंदेशाने दिली. काम भागले.

यावरून वारणेचा प्रयोग फसला असे म्हणणे अन्याय होईल. शेतकऱ्याला आपल्या उसाचे वजन स्वतः पाहता आले पाहिजे, ही गोष्ट त्याने रुजवली. धडा वेगळा आहे. जे यंत्र गावातल्या माणसाला दुरुस्त करता येते ते टिकते. लिनक्स, टॉमकॅट, डीस्पेस हे फुकट आहेत यापेक्षा त्यांच्या आतले सगळे वाचता येते, शिकता येते, ही गोष्ट मला मोठी वाटते. साताऱ्याच्या मातीत 'कमवा आणि शिका' हा मंत्र देणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची सुरुवात १९१९ मध्ये झाली. वसतिगृहातल्या मुलाला स्वतःच्या हातांनी काम करता आले पाहिजे, हा तिचा आग्रह होता. संग्रह सांभाळणाऱ्या संस्थांनी आता त्याच आग्रहाने आपल्या लिपिकाला आठ-दहा आज्ञा शिकवल्या पाहिजेत. त्यांत अवघड काही नाही. डिस्क पाहणे, रोजकीर्दीचा शेवट वाचणे, रीतसर थांबवणे, क्रमाने सुरू करणे, सूचीची नक्कल नीट निघते का ते तपासणे. पोथीचा कागद उन्हात कधी धरायचा हे शिकण्याइतकेच ते शिकण्याजोगे आहे.

दुसरे असे, की हे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात ठेवू नये. तो माणूस पुण्यास जातो, निवृत्त होतो, मरतो. पटवर्धनांचे दप्तर एका दप्तरदाराच्या आठवणीवर चालले असते तर खरेशास्त्र्यांच्या हाती गाठोडे आले असते, दप्तर नव्हे.

त्या संस्थेच्या कपाटावरचा 'बंद करू नये' हा कागद आम्ही काढला. त्या जागी दुसरा लावला. त्यावर बाईंनीच आपल्या सुबक अक्षरात, मराठीत, पायऱ्या लिहिल्या आहेत. पहिली पायरी, 'घाबरू नये. डिस्क पाहावी.' शेवटून दुसरी, 'नऊ क्रमांक शेवटीच.' शेवटची, 'मराठी शब्द टंकून शोध चालतो का पाहावे.' या कागदाची एक प्रत मोडी कागदांच्या रुमालाबरोबर वरच्या मजल्यावर ठेवली आहे, पुराच्या खुणेच्या वर. सूचीच्या नकलेची डिस्कही तिथेच असते. दुसरी एक पुण्यात त्या मुलाकडे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वीज जाऊन ते यंत्र बंद पडले. मला ते चार दिवसांनी कळले, तेही बाईंच्या मोबाइलवरच्या एका ओळीने. 'आधी पोस्टग्रेस, मग टॉमकॅट. चालू झाला. तासगाव सापडले.'